ओट्यावरचं ‘नाही’

आमच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं ‘नाही’ म्हणायला शिकत. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, या घरात रोज भांडण असतं. प्रत्यक्षात आबा बंडी घालून लोखंडी खुर्चीत शांत बसलेले असत, काळा कोट मागे खिळ्याला असे, आणि समोरच्या बाकावर हात जोडून बसलेला कुणीतरी आधी दबक्या, मग चढत्या आवाजात ‘नाही’ म्हणत असे. आबा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, ‘परत.’

आबा माझे सासरे. धुळ्याच्या कोर्टात त्यांनी जन्मभर फौजदारी वकिली केली, तीही नेहमी आरोपीच्या बाजूनं. इतर वकील त्यांना ‘नाही वकील’ म्हणत. मागे म्हणत, तोंडावरही म्हणत. आबांना ते नाव काळ्या कोटापेक्षा जास्त आवडायचं.

त्यांचे बरेच अशील शिरपूरच्या वरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांच्याकडची रीत अशी, की हातात कागद असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं नाही. ते वाईट दिसतं. साहेबानं विचारलं की मान हलवायची, ‘हो’ म्हणायचं आणि घराची वाट धरायची. जंगलखात्याच्या माणसापुढे, तलाठ्यापुढे, जमादारापुढे तो ‘हो’ पिढ्यान्‌पिढ्या पुरला. आबा म्हणायचे, ‘त्यांची ती मर्यादा आहे. आपण तिचा कबुलीजबाब करतो.’

लग्न होऊन मी चाळीसगावहून या घरात आले, तेव्हा माझीही गत वेगळी नव्हती. ग्रंथालयशास्त्र शिकले होते, कॉलेजात नोकरी होती, पण घरात कुणी काही विचारलं की तोंडातून ‘हो’च निघायचा. पहिल्या आठवड्यात आबांनी विचारलं, ‘कारलं आवडतं ना तुला?’ मी ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी कारलं, तिसऱ्या दिवशी कारलं. आबा स्वतः बाजारातून पिशवी भरून आणायचे आणि सासूबाई कपाळावर हात मारायच्या. शेवटी एकदा ताटावर बसून मला रडू आलं. मी म्हणाले, ‘आबा, नाही आवडत मला.’

‘आलं एकदाचं!’ आबा म्हणाले. ‘अगं, मलाही नाही आवडत. किती दिवस खायला लावलंस!’

चोराची बाजू का घेता, हा प्रश्न त्यांना लग्नाकार्यात हमखास विचारला जाई. आबा पंगतीतच उलट विचारायचे, ‘पाय मोडलेला माणूस चोर असला, तर डॉक्टर प्लास्टर अर्धं घालतो का?’ पण ओट्यावर त्यांनी खोटं बोलायला कुणालाच शिकवलं नाही. ज्यानं केलं असेल त्याला सांगत, ‘तू गप्प राहा. गप्प राहायचासुद्धा तुला हक्क आहे.’ ज्यानं केलं नसेल त्याला मात्र सुटका नसे. ‘स्वातंत्र्य पुस्तकात मोठं दिसतं,’ मला म्हणायचे, ‘तुझ्या ग्रंथालयात त्याचं अख्खं कपाट असेल. माणसाच्या अंगात ते एका शब्दाएवढंच असतं. तेवढं टिकलं तर बाकीचं टिकतं.’

खुमान आला तो माझ्या चांगला लक्षात आहे. पहाटे रस्त्यानं चारोळीचं गाठोडं घेऊन चालला होता. जवळच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली होती, म्हणून त्याला उचललं. ‘मोटर तू नेलीस?’ ‘हो.’ ‘बरोबर कोण होतं?’ ‘हो.’ ‘अरे, कोण होतं?’ ‘हो, साहेब.’ हे त्यानंच आम्हाला सांगितलं, जामिनावर सुटून ओट्यावर आला तेव्हा. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काही चुकल्याचा भाव नव्हता.

आबांनी त्याच्याशी अहिराणीत सुरुवात केली. ‘खुमान, तू धुळाना कलेक्टर शे का?’

‘हो, आबा.’

मी आत तोंडाला पदर लावून हसले. आबा हसले नाहीत. मला म्हणाले, ‘पोलिसांपुढचा “हो” कोर्टात टिकत नाही. पण जज्जसाहेबांपुढे हाच “हो” निघाला तर हा सरळ आत जाईल. याची बायको वाट बघत बसेल आणि याला शेवटपर्यंत कळणार नाही, आपण काय कबूल केलं ते.’

मग रोज संध्याकाळी तालीम. तारखेच्या आधी खुमान मुक्कामालाच राहिला. ‘मोटर तू लई गया का?’ ‘नही...’ आवाज घशातच विरायचा. ‘परत. जोरमा बोल, भाऊ.’ एकदा वैतागून खुमान म्हणाला, ‘आबा, तुमले नही कसं म्हणू? तुम्हना घरनी भाकर खादी ना मी!’ आबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, ‘माले म्हणता उनं, तर कोर्टमा म्हणता येई.’

तारखेला मला मुद्दाम बरोबर नेलं. दोषारोप वाचून झाला. न्यायाधीशांनी विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ खुमाननं सवयीनं हात जोडले, मान हलू लागली. त्यानं आबांकडे पाहिलं. आबा वर पंख्याकडे बघत होते. कोर्टात ते अशिलाला कधी खूण करत नसत. मी माझ्या पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

‘नाही!’

शेजारच्या कोर्टातला शिपाई दारात डोकावला. न्यायाधीश म्हणाले, ‘हळू सांगा, ऐकू येतं.’

‘माफी असावी, साहेब,’ आबा उठून म्हणाले, ‘पहिल्यांदाच म्हणतोय.’

पुढे खटला चालला, पुराव्यात काही दम निघाला नाही आणि खुमान सुटला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो चारोळी घेऊन यायचा. आबा त्याला उगाच छळायचे, ‘खुमान, तू कलेक्टर शे ना रे?’ तो आकडून सांगायचा, ‘नही!’

आबा या उन्हाळ्यात गेले. दुखणं हाताबाहेर गेल्यावर माझे यजमान म्हणाले, ‘आबा, मुंबईला नेऊ या.’ आबा ‘नाही’ म्हणाले. आवाज अगदी क्षीण होता, पण त्यांना ‘परत’ म्हणायचा अधिकार घरात कुणाला होता?

नंतर माणसं भेटायला येत राहिली. ‘सावरलीस ना?’ ‘हो.’ ‘जेवतेस ना वेळेवर?’ ‘हो.’ ‘झोप लागते?’ ‘हो.’ संध्याकाळी कॉलेजातून आले की ओटा इतका शांत असायचा, की मी आत जाऊन उगाच भांडी वाजवायचे. सासूबाई आधीच गेलेल्या, यजमान नोकरीसाठी जळगावला. खुर्ची मात्र मी हलवू दिली नव्हती.

खुमानला बातमी उशिरा कळली. आला तो बाकावर जुन्या जागी बसला. गाठोडं पायाशी ठेवलं. मी चहा दिला. 

मग तो म्हणाला, ‘बाई, बरं शे ना तुमले?’

‘हो, भाऊ.’

खुमाननं कप खाली ठेवला. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘परत,’ तो म्हणाला.

मी उंबऱ्यावर बसले. ‘नाही,’ म्हणाले.

‘जोरमा, बाई.’