खाऊ राहिला

आमच्या गावातलं पोरींचं मंडळ बुडालं ते रोवण्यात. रोवणा म्हणजे धानाची लावणी. श्रावणात आमच्याकडे घरात माणूस शिल्लक राहत नाही, म्हातारीसुद्धा बांधीच्या चिखलात उभी असते. मग मंडळात कोण येणार, माझं कपाळ? मी एकटीच शाळेच्या पडवीत शिवणमशीनशेजारी माश्या मारत बसायची.

मंडळ काढलं होतं ब्लॉकच्या ग्रामसेविकाबाईंनी. त्या नागभीडहून सायकलवर यायच्या. बाईमाणूस सायकल चालवते हे बघायलाच सुरुवातीला निम्म्या पोरी जमल्या. मग लिहिणं-वाचणं, शिवण आणि हात धुण्यावर भाषण. सायकलीची नवलाई संपली तशा पोरीही संपल्या. मी गावच्या मास्तरांची मुलगी, सातवी पास, सतरा वर्षांची, म्हणून बाई नसतील तेव्हा मंडळ माझ्या गळ्यात. एक दिवस बाईंनी रिकामी पडवी पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उन्हाळ्यात साहेब येतील. मंडळ चालू दिसलं तर मशीन इथंच राहील आणि तुझं नाव मी ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला घालीन. नाही तर दोन्ही विसर."

मशीन गेलं चुलीत. ट्रेनिंग मात्र मला जिवापाड हवं होतं. वडील माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि त्यातलं एक तर असं होतं, की नवरदेवाची मुलगी माझ्या वयाची. त्या माणसाच्या घरी भाकरी थापत बसायचं की सायकलवर गावोगाव फिरायचं, एवढा साधा सवाल होता. मंडळ उभं करायचंच, मग काय वाट्टेल ते होवो, असं मी ठरवलं. काय वाट्टेल ते म्हणताना माणसाला काही कळत नसतं.

एकच पोरगी रोवण्यातही यायची, संध्याकाळी, चिखलाच्या पायांनी. ढिवरांची. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांचं घर. बाप गेलेला, मोठा भाऊ मासे धरायचा, ही बाजारात विकायची आणि उरल्या वेळात जाळं विणायची. घरात अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. हिला एक अक्षर शिकायला आठवडा लागायचा, पण एकदा शिकली की विसरायची नाही. माझ्याच वयाची, आणि तोंडाची भारी फटकळ.

"तुह्या मंडळात मजाच नाई व," ती म्हणाली. "रोज उठून हात धुवा, हात धुवा. आम्ही का घाण खाऊन राह्यलो?"

"मग काय करू? नाचू?"

"भुलाबाईत साऱ्या काऊन येतात सांग बरं? खाऊ ओळखाले येतात."

भुलाबाई म्हणजे आमच्याकडचा पोरींचा आश्विनातला खेळ. गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. गाणी सगळी सासर-माहेराची. त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून मी पोस्टकार्डं केली, आणि आमचा खेळ सुरू झाला. त्याचं नाव सासरची चिठ्ठी.

खेळ असा. एकीनं सासुरवाशीण व्हायचं आणि माहेरी चिठ्ठी लिहायची. मले बरं नाई, सासू जेवू देत नाई, भावाले न्यायले पाठव, असं जे सुचेल ते. पण शेवटच्या ओळीत खाऊची खूण हवी. काळा आहे, काटे आहेत, पाण्यात राहतो. म्हणजे शिंगाडा. दुसरीनं ती चिठ्ठी वाचायची आणि ओळखलं तर डबा तिचा. वाचता आलं नाही तर खाऊ नाही. चुका मी वडिलांच्या लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायची, आणि जी शेवटची ओळ विसरेल तिच्या कार्डावर लाल अक्षरात लिहायची, 'खाऊ राहिला'. मग अख्खी पडवी ओरडायची, "खाऊ राह्यला, खाऊ राह्यला!"

काय सांगू, पंधरा दिवसांत पडवी पुरेना. डब्यात मुरमुरे असायचे, कधी रानातली टेंभरं, कधी उकडलेले शिंगाडे. ज्या पोरींनी कधी पाटीला हात लावला नव्हता त्या खाऊसाठी जोडाक्षरं घोकू लागल्या. आया भिंतीआड उभ्या राहून ऐकायच्या आणि पदर तोंडाशी लावून हसायच्या. सगळ्यांत झकास चिठ्ठी ढिवरांच्या पोरीची. ती नुसती लिहायची नाही, डोक्यावर पदर ओढून, नाक ओढत, रडून दाखवायची. "माय व, मले न्या व!" आम्ही हसून हसून लोळायचो. मंडळ उभं राहिलं ते तिच्या जिवावर, आणि पाठ थोपटून घेतली मी.

फाल्गुनात तिचं लग्न झालं. नवरा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला. नागभीडहून छोट्या गाडीनं चांद्याला जायचं, मग नदी ओलांडून पलीकडे. आमच्या गावातून इतक्या लांब कुणी दिली नव्हती. निघताना ती माझ्या कानाशी आली. "चिठ्ठी लिवीन. घरी कोणाले वाचता येत नाई, म्हणून तुह्याच नावानं लिवीन. भावाले वाचून दाखवजो." मी म्हटलं, "खाऊ विसरू नको." ती रडता रडता हसली.

वैशाखात कार्ड आलं. खरं पोस्टकार्ड, शिक्का मारलेलं, पाठीमागे तिचा पत्ता. साहेब यायला आठ दिवस होते. त्यावर एवढंच लिहिलं होतं.

'बाई. मले बरं नाई. ताप जात नाई. भावाले न्यायले पाठव.'

मी आनंदानं उडाले. होय, आनंदानं! आमच्या मंडळात शिकलेली पोरगी सासरहून स्वतःच्या हातानं पत्र लिहिते, याहून साहेबांना दाखवायला आणखी काय हवं? आणि शब्द सगळे आमच्या खेळातले. वेडी कुठली, तिथं जाऊनही खेळतेय, असं मी म्हटलं. शेवटची ओळ मात्र नव्हती. मी लाल पेन्सिल घेतली, खाली 'खाऊ राहिला' लिहिलं, आणि कार्ड पडवीच्या भिंतीवर मधोमध लावून टाकलं.

संध्याकाळी ते काढून मी तलावावर गेले. पाणी आटलं होतं, तिचा भाऊ गुडघाभर गाळात जाळं ओढत होता. मी पाळीवर उभी राहून वाचून दाखवलं. त्यानं जाळं तसंच टाकलं आणि हात कमरेला पुसत वर आला.

"मंग जावं लागन मले. उद्याच्या गाडीनं निंगतो. थे कार्ड दे, पत्ता हाय न त्याच्यावर."

मी हसले. "अरे भाऊ, खेळातली चिठ्ठी आहे ती. आम्ही मंडळात रोज असंच लिहितो. खोटा ताप, खोटी सासू."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग कार्डाकडे. "पक्कं न बाई? मले का समजते त्यातलं."

"पक्कं."

तो पुन्हा गाळात उतरला.

आता खरं बोलते, कारण आता लपवून कुणाचं भलं होणार नाही. त्या कार्डावरची अक्षरं कापरी होती, ओळी खाली घसरल्या होत्या. ती गिरवून गिरवून लिहायची, तिची ओळ कधी घसरत नसे. हे मला दिसलं होतं. आणि खाऊची ओळ ती, सगळ्या पोरींत ती, कधी विसरली नव्हती. पण तो कार्ड घेऊन गेला असता तर साहेबांपुढे मी काय ठेवणार होते? पत्ता दुसऱ्या कागदावर उतरवून देता आला असता. तेही मला सुचलं होतं. पण पत्ता दिला, तर साहेबांपुढे खेळातली चिठ्ठी म्हणून हसणार कशी? मी नाही दिला. असली मी.

साहेब आले. पोरींनी गाणं म्हटलं, मशीन चालवून दाखवलं, मी चिठ्ठीचा खेळ समजावून सांगितला. साहेबांनी भिंतीवरचं कार्ड हातात घेतलं, वाचलं, लाल अक्षरं बघून खो खो हसले. "मग पाठवला का खाऊ?" सगळे हसले. मीही हसले. ग्रामसेविकाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की माझं काम झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खाणीतला एक माणूस निरोप घेऊन पाळीखालच्या घरी आला. ताप डोक्यात गेला होता. साहेब हसत होते तेव्हा तिला जाऊन एक दिवस झाला होता. तिच्या घरून उठलेलं रडं शाळेपर्यंत ऐकू आलं. मी पडवीत बसले होते. पोरी एकेक करून उठून गेल्या, मी गेले नाही.

दहाव्यानंतर भाऊ आला. पायरीवरच बसला. मला वाटलं, आता हा मला चार शिव्या देईल, द्याव्यात त्यानं, मी तोंड वर करून घेईन. तो म्हणाला, "थे कार्ड दे बाई. तिच्या हातचं तेवढंच हाय."

मी भिंतीवरून काढून दिलं.

"एकडाव वाच."

मी वाचलं. त्यानं बोट लाल अक्षरांवर ठेवलं. "आन् हे लाल? हे बी तिनंच लिवलं?"

खरं सांगायला एक क्षण होता. तो मी घालवला. "हो," मी म्हटलं.

"काय लिवलं?"

"भावाला नमस्कार."

त्यानं मान हलवली. लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला, कार्ड बंडीच्या आत ठेवलं आणि गेला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

आषाढात ट्रेनिंगचं पत्र आलं. मी गेले. सायकल शिकले, नोकरी लागली, त्या बिजवराच्या तावडीतून सुटले. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या कितीतरी गावांत मी बायांना वाचायला शिकवलं. तो खेळ मात्र पुन्हा कधी खेळले नाही.

पहिल्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या सुमारास, नागभीडहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती एक पुडकं आलं. आत वाळवलेले शिंगाडे. सोबत तोंडी निरोप, बहिणीचा शेवटचा नमस्कार वाचून दाखवला त्या बाईला भावाकडून. मी ते खाल्ले नाहीत. शेजारच्या पोरांना वाटले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या वर्षी पुन्हा आलं, तिसऱ्या वर्षीही. दहा-बारा वर्षं, माझी बदली होईल तिथं कसंही करून पोहोचायचं. दर वर्षी वाटायचं, यंदा जाऊन सांगून टाकावं. दर वर्षी मी पुडकं घ्यायची आणि गप्प बसायची.

एका दिवाळीला मात्र आलं नाही. मी महिनाभर वाट पाहिली, मग गावाकडचा माणूस भेटला तेव्हा विचारलं. भाऊ बरा आहे ना? म्हणे, धडधाकट आहे. तलावाला पाणी होतं? भरपूर होतं, शिंगाडाही मायंदाळ झाला. मग घरी काय विशेष? विशेष काही नाही, तो म्हणाला. भावाची पोरगी आता चौथीत गेली, गावात आलेल्या साऱ्यांच्या चिठ्ठ्या तीच वाचून दाखवते.