हेमंतचे चार डबे

नागपूर स्टेशनवर गाडी यायला वेळ होता, तेव्हा माझा धाकटा भाऊ हेमंत म्हणाला, "दादा, जॅकेट एकदा घालून पाहू?" मला कॅनडासाठी घेतलेलं ते जाडजूड जॅकेट त्यानं मे महिन्यात अंगावर चढवलं, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेला आणि घामाघूम होऊन परत आला. आई म्हणाली, "दे त्याला आता. तुझंही येईल." त्याला माझा हेवा वाटत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

आमच्या घरी हे नवीन नव्हतं. श्रीखंडाच्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवून आई म्हणायची, "पाहून घ्या नीट, मग मला कटकट नको." आम्ही वाकून, डोळे वाटीच्या काठाशी नेऊन पाहायचो. तरी कटकट व्हायचीच.

कॅनडातल्या केंब्रिजला मी गाड्यांच्या कारखान्यात लागलो. पहिली चार वर्षं मी कुणाचाच हेवा केला नाही. शेजारच्या डगकडे बोट होती, तळ्याकाठी कॉटेज होतं, असेल बापडा. त्यानंच मला सफरचंदाच्या रसाचं सायडर, म्हणजे हलकी दारू, करायला शिकवलं. आईला फोनवर मी सरबत म्हणून सांगितलं. रस आंबला की खरी मेहनत सुरू व्हायची. रिकाम्या बिअरच्या बाटल्या जमवा, लेबलं खरवडा, ब्रशनं घासा, फेस धरावा म्हणून चमचाभर साखर घाला, भरा, झाकणं ठोका. एका खेपेला चाळीसेक बाटल्या. पण आपली मराठी मंडळी माझ्या बेसमेंटमध्ये जमायची आणि माझं नाव घ्यायची.

मग दोन हजार सातमध्ये हेमंत आला. त्याचे फॉर्म मीच भरले होते. दारातला बर्फ शोव्हल करणं मी शिकवलं, सायडरही मीच. वर्षभरात साहेबांना जवळच्याच वॉटर्लूत सॉफ्टवेअरची नोकरी, स्वतःचं टाउनहाउस, आणि मिनी केग. म्हणजे पाच लिटरचा पत्र्याचा डबा, वर रबरी बूच, खाली नळ. "दादा, चाळीस बाटल्या काहून घासून राहिला? चार केग भर, डन." मी म्हणालो, बाटलीतली चव वेगळीच. चव एकच होती. पण नळ सोडला की ग्लासात फेस चढताना पाहायला मंडळी आता त्याच्याकडे जाऊ लागली. दिवाळीचा फराळसुद्धा तिकडे झाला. माझी बायको मेघना म्हणाली, बरं झालं, आपला पसारा वाचला. मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नाही.

शेवटी मीही चार केग आणले, त्याला न सांगता. त्यानं एकदा ईमेलमध्ये लिहिलं होतं, केगला बाटल्यांच्या निम्मीच साखर घालायची. मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मला एकच वाटलं: याचा फेस माझ्यापेक्षा दांडगा असावा म्हणून हा मला कमी सांगतोय. सख्ख्या भावाबद्दल असं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. मी पूर्ण साखर घातली, वर एक चमचा जास्त.

दहा दिवसांनी आतल्या वायूनं डब्यांचे तळ फुगले. एकही धड उभा राहीना. एका रविवारी दुपारी पहिल्याचं बूच उडालं आणि सायडर छतापर्यंत गेलं. मेघनानं मला न विचारता हेमंतला फोन केला. तो आला, हसला नाही. उरलेले तीन डबे मागच्या अंगणात बर्फात पुरले आणि चांगले गार झाल्यावर एकेकाचं बूच हळूहळू सैल केलं. मग विचारलं, "दादा, निम्मी साखर सांगितली होती ना?"

"वाटलं, तू मुद्दाम कमी सांगितलीस."

त्यानं ओले हात पुसले. "मी तुझ्या त्या जॅकेटपायी इथपर्यंत आलो," तो म्हणाला. "आता तू माझ्या डब्यांवर जळतो?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

नागपूरचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, आता घर कुठलं वाटतं. डगनं यंदा नवी बोट घेतली, मी ढुंकूनही पाहिलं नाही. परक्याचा हेवा करायला मला कधी जमलंच नाही. हेमंत येईपर्यंत मी इथं नुसता राहत होतो.

परवा त्याच्याकडे गेलो. त्यानं केगचा नळ सोडून दोन ग्लास भरले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी वाकलो, डोळे काठाशी नेले. तोही वाकला. त्याच्या बाजूचा ग्लास बोटभर जास्त भरला होता. मी तोच उचलला.