नाव आलं, उठा!

वाचता वाचता मास्तर मध्येच उठत. पुरते नव्हे, अर्धेच. दोन्ही हात गुडघ्यांवर, गुडघ्यांचा कडकड आवाज, आणि तोंडाने, "नाव आलं, उठा!" मग पुन्हा पाटावर टेकत आणि वाक्य पुढे चालू. इंग्रजी धड्यात माणसाचं, गावाचं, नदीचं नाव आलं की हे असं. धड्यात नावं फार असली तर आमच्या ओसरीची तालीम होई.

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात इंग्रजीतच हसता-भांडता. नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, हे तुम्हांला कोणी शिकवलं ते आठवतही नसेल. मला मात्र पक्कं आठवतं. कल्याणात पारनाक्याजवळ आमचं घर आणि समोर मास्तरांचं. खरं तर ते मास्तर नव्हतेच. ठाण्याच्या कोर्टात नकला करून करून डोळे शिणले, तेव्हा पेन्शन घेऊन कल्याणास आले. माझा दादा मुंबईस शिकत होता. बायकोला इंग्रजी यावं अशी त्याची फार इच्छा, म्हणून मास्तर रोज दुपारी येऊ लागले. मी परकरी पोर, ओसरीवर त्यांच्यासमोर बसे. वहिनी उंबऱ्याच्या आत, दाराआड.

इच्छा दादाची असली तरी भूक वहिनीची होती. भांडी घासताना ती राखेत अक्षरं काढी आणि कोणी आलं की हाताने मोडी. घरात सत्ता आत्याबाईंची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शिक हो. पण वडीलधाऱ्यांची नावं तोंडात घेण्याइतकी मड्डम झालीस, तर पाटी विहिरीत."

मोठ्या अक्षराला मास्तर 'थोरलं' म्हणत आणि बाकीची सगळी 'धाकटी'.

"गाय?" ते विचारत.

"धाकटं," मी.

"आपली कपिला?"

"थोरलं!"

"आणि गवळ्याची म्हैस?" दाराआडून वहिनी. "तिला नाव नाही हो मास्तर."

"मग धाकटंच, सूनबाई. बिननावाच्या म्हशीसाठी कोण उठतो?"

वहिनीला हे लागलं. दुसऱ्या दिवशी गवळी दूध घालायला आला, तेव्हा म्हशीचं बारसं केल्याशिवाय तिने त्याला सोडलं नाही.

कल्याण स्टेशनच्या पाटीवर मास्तरांचा राग होता. तिच्यावर सगळीच अक्षरं थोरली. "एका गावासाठी अख्खी पंगत उठवली! मुंबईला काय देणार मग?" आणखी एक थोरलं अक्षर त्यांना खपत नसे. इंग्रजीत 'मी' वाक्यात कुठेही येवो, ताठ उभा. "साहेबाचा मी कधी बसतच नाही," ते म्हणत. "लिहायचा तसाच लिहा. मनात मात्र जरा खाली बसवा."

एके दुपारी धडा नद्यांचा निघाला. आता हे तुम्हांला सांगायला हवं. त्या काळी सुनेने नवऱ्याचं, सासूचं, घरातल्या कोणाही वडीलधाऱ्याचं नाव उच्चारायचं नसे. तेच नाव नदीचं असलं, तरीही नाही. आणि आमच्या आत्याबाईंचं नाव गोदावरी, आईचं यमुना.

"सांगा सूनबाई, नाशिकजवळ कोणती नदी उगम पावते?"

दाराआड पाटीवर पेन्सिल नुसती टकटकली.

"अहो, एवढं सोपं!"

"आत्याबाई," वहिनी हळूच म्हणाली.

"आँ?"

"आत्याबाई नाशिकजवळ उगम पावतात."

"बरं," मास्तर घोटाळले. "आणि हिमालयातून?"

"गंगा... आणि सासूबाई."

आत चुलीपाशी आईच्या हातून पळी पडली. मी तोंडात परकराचा बोळा कोंबला. आणि आत्याबाई बाहेर आल्या.

"काय म्हणाली ही? मी कुठून निघते?"

"आत्याबाई, सूनबाईने तुमचं नाव घेतलं नाही," मास्तर घाईने म्हणाले.

"आज नाही घेतलं. उद्या देवांचा धडा येईल. या घरात एक देव तरी शिल्लक ठेवलाय का आम्ही? सगळ्यांची नावं वाटून झालीत. पुरे झालं हे शिक्षण. आण गं ती पाटी."

वहिनीने पाटी छातीशी धरली. मास्तर पाटावरून पुढे सरकले. मग म्हणाले, "द्या सूनबाई, पण आधी त्यावर लिहा. बोलू नका. नुसतं लिहा."

वहिनीने त्या नदीचं नाव इंग्रजीत लिहिलं. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या वाकून पाहू लागल्या.

"हे पुढे पोट सुटलेलं कोण?"

"ते तुमच्यासाठी उठलेलं अक्षर. बाकीची तुमच्या मागे बसलीत."

"इंग्रजसुद्धा उठतो?"

"सक्तीच आहे त्याला."

आत्याबाईंनी पुन्हा पाहिलं. "हिची जीभ हलली का हो मास्तर?"

"जागची हलली नाही."

"मग हरकत नाही." त्या दाराशी टेकल्या. मग आवाज एकदम खाली आला. "आणि... यांचंही असंच उठतं?"

त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या माझ्याएवढ्याच होत्या. ते नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं, वहिनीनेही नाही. मला बंधन नव्हतं. मी सांगितलं, वहिनीने लिहिलं.

आत्याबाईंनी पाटीला हात लावला नाही. "आज पुसू नकोस हं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून धड्याच्या वेळी त्या स्वतःच वहिनीला हाक मारू लागल्या.

पुढे मास्तरांच्या मुलाने त्यांना नागपुरास बोलावून घेतलं. सामान रेल्वेने जायचं, म्हणून पेटीवर इंग्रजीत नाव घालायला हवं होतं. मास्तरांचा हात तोवर कापू लागला होता. "मी घालते," वहिनी म्हणाली, आणि भर ओसरीवर, सगळ्यांदेखत, पांढऱ्या रंगाने तिने ते घातलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. वहिनी त्यांना घरातलेच वडील मानी, तिने ते कधी उच्चारलं नाही, मग मी कशाला घेऊ?

गाडीवान कुरकुरला. "आवं मास्तर, जड पेटी खाली टाकायची अन् वळकटी वर. पडंल ना!"

"पडू दे. ती वरच राहील."

बैलगाडी स्टेशनाकडे निघाली. वळकटीवर पेटी डुगडुगत होती. नाव रस्त्याच्या बाजूला यावं अशी मास्तरांनी ती फिरवून ठेवली होती, आणि ओला रंग पुसला जाऊ नये म्हणून मागून, बोटांच्या टोकांनी, तिला सावरून बसले होते.