ताठ कण्याचा नवरदेव

माझ्या सासऱ्यांची घोडी बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे धावते. चाकणच्या आसपास तिला जो मान आहे, तो कंपनीतल्या माझ्यासारख्या डिझाइन इंजिनिअरला जन्मात मिळायचा नाही. त्यामुळे लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो तो परण्या याच घोडीवरून निघेल, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मी मुकाट मान डोलावली.

सरावासाठी त्यांच्या मळ्यात गेलो. कॉम्प्युटरपुढे बसून बसून मला पोक आलेला, शिवाय मोटारसायकलसारखं वळणावर अंग टाकायची सवय. मी डावीकडे कललो की घोडी डावीकडे सरकायची. अशी सरकत सरकत तिने मला थेट गोठ्यात नेलं. मला वाटलं, खोडी काढतेय.

सासरे म्हणाले, "पाव्हणं, तुमी कलता तिकडं तिचा तोल जातो. तो सावराया ती तुमच्याखाली येती. तिची काय चूक न्हाई."

मग त्यांनी महत्त्वाचं सांगितलं. स्वार पुढे झुकला की घोडी शर्यत समजून सुटते. मागे होऊन पाठ ताठ केली की थांबते. तेव्हा परण्यात अजिबात वाकायचं नाही.

इकडे आईची काळजी वेगळीच. वडिलांच्या मागे ज्यांनी मला वाढवलं, ते लातूरचे थोरले काका रुसले होते, कारण मुलगी मी परस्पर पसंत केली होती. लग्नाला येतो म्हणाले, पण अक्षता पडेपर्यंत थांबतील याची खात्री नव्हती. आईने मला बजावलं होतं, काका दिसले की आधी पाया पडायचं, काही झालं तरी.

परण्या निघाला. फेटा, मुंडावळ्या, कणा ताठ. लगाम माझ्याच हाती, कारण जावयाची घोडी दुसऱ्याने धरणं सासऱ्यांना कमीपणाचं वाटत होतं. मावशी आल्या, मामा आले. मी नुसते छातीपाशी हात जोडले. कंपनीत लागल्यापासून पोराची मान वाकत नाही, हे बँडच्या आवाजातही मला ऐकू आलं. सासरे मात्र खुशीत होते.

देवळाच्या अलीकडे गर्दीतून काका आले आणि रिकिबीपाशी उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. खाली उतरावं हे काही सुचलं नाही. मी वाकलो, चांगला कमरेतून, त्यांच्या पायांकडे हात करून.

घोडी सुटली. बँडवाले बाजूला पांगले, मारुती मागे राहिला. घाबरून मी तिच्या मानेला मिठी मारली, म्हणजे अजून जोरात पळ असंच सांगितलं. पार हायवेलगत उभ्या कंटेनरांपाशी मला सासऱ्यांचे शब्द आठवले. मागे झालो, पाठ ताठ केली. ती थांबली आणि निवांत गवत हुंगू लागली.

सगळ्यांत आधी पोचले ते काका, धोतर खोचून, धापा टाकत. मी खरं ते सांगितलं, की वाकलं की ही पळते.

"ठाऊक असून वाकलास?"

मी मान डोलावली, पण अगदी जपून.

काकांनी लगाम हातात घेतला तो देवळापर्यंत सोडला नाही. सासऱ्यांनाही दिला नाही. वाटेत जो पुढे येईल त्याला ते हाताने दूर सारत होते.

"कुणी जवळ येऊ नका. नवरदेव वाकणार न्हाई. माझ्यापुढं वाकून झालंय त्याचं."