डॉक्टरांसमोर न लंगडणारी घोडी

आमची घोडी फक्त आमच्यासमोर लंगडायची. डॉक्टर आल्या की तिचा पुढचा डावा पाय एकदम ठणठणीत. मेकॅनिक दारात आला की वॉशिंग मशीनचा आवाज बंद होतो, तशातली गत.

घोडी म्हटलं की लोकांना वाटतं आमचं फार्महाऊस असणार. आमच्या बंगळूरच्या राजाजीनगरमधल्या घरात धड सायकल ठेवायला जागा नाही. नवऱ्याला पन्नाशीत घोड्यावर बसायचं सुचलं. त्या वयात इतरांना मॅरेथॉन सुचते. शर्यतीतून निवृत्त झालेली ही घोडी त्याने आणली आणि शहराबाहेर बोम्मसंद्र्यात तो नोकरी करतो त्या कारखान्याच्या थोडं पुढे एका तबेल्यात ठेवली. तबेल्याचे मालक मूळचे निपाणीकडचे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चारापाणी अण्णांनी बघायचं आणि त्या बदल्यात त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर बसून शिकायचं, असं ठरलं. घोडीचं मत कोणी विचारलं नव्हतं. शर्यतीत ती आयुष्यभर धावली आणि एकदाही पहिली आली नाही, हे कळल्यावर मात्र ती मला एकदम आमच्या घरातलीच वाटायला लागली.

ती लंगडायला लागली तेव्हा नवऱ्याने ते प्रकरण हातात घेतलं. तो कारखान्यात क्वालिटी खात्याचा प्रमुख. तिथे काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात आणि मूळ कारण सापडतं म्हणे. त्याने तबेल्यात पांढरा फळा टांगला. घोडी का लंगडते? पाय दुखतो म्हणून. पाय का दुखतो? इथेच त्याचं गाडं अडलं, आणि पुढचे तीन 'का' त्याने फळ्याकडे बघत नुसते मनात विचारले. अण्णांनी नाल बदलून पाहिली. मी हळद लावली. घोडीने ती चाटली.

मग डॉक्टर आल्या. मूळच्या नागपूरच्या, घोड्यांच्याच डॉक्टर, स्वभावाने रोखठोक. त्यांनी खूर दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला, कुठे सूज आहे का ते पाहिलं. काही नाही. मग घोडीला दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगितलं, तर ही बया मान उचलून अशी पळाली, की मलाच वाटलं आपण उगाच बाईंना एवढ्या ट्रॅफिकमधून बोलावलं.

"पायाला खालून वर थोडी थोडी भूल देत जायची. जिथे दिल्यावर लंगडणं थांबलं, तिथे दुखणं," त्या म्हणाल्या. "पण थांबवायला आधी लंगडणं तर पाहिजे ना! ही तर मस्त चालून राहिली."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि घोडी लंगडली. पुढच्या खेपेलाही अगदी हेच झालं.

आमच्या तयारीत काही कमी नव्हती. डॉक्टर येणार म्हटलं की आमच्याकडे तापाने फणफणलेल्या माणसालाही तोंड धुवून, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून बसवतात. आजारी असलो म्हणून काय गबाळं दिसायचं? तोच नियम मी घोडीला लावला. दोन्ही वेळा सकाळीच जाऊन तिला आंघोळ घातली, चकाकेपर्यंत खरारा केला, आयाळीच्या बारीक वेण्या घातल्या. नवरा, अण्णा आणि त्यांचे विद्यार्थी चहाचे पेले घेऊन कठड्याला रांगेने उभे. एवढा सोहळा करूनही घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.

शेवटी अण्णांचा धीर सुटला. "नाटक करतीया बघा अक्का ती. डॉक्टरनं बघितलं, काय नाही म्हटलं, सरी, झालं मग. सोमवारपासनं पोरं बसवतो तिच्यावर."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरंच दुखत असेल तर? पाठीवर एकामागून एक माणूस बसेल, ही दुखरा पाय टाकत राहील, आणि कारण सापडलं नाही म्हणून ती खोटी ठरेल.

सोमवारच्या आधी अण्णांशी भांडायला म्हणून मी एकटीच तबेल्यात गेले. घोडी लाल मातीत मनसोक्त लोळून, भूत होऊन उभी होती. भांडण रंगात आलं होतं, तेवढ्यात डॉक्टर न सांगताच हजर. शेजारच्या फार्मवर एका घोड्याचं पोट दुखत होतं, ते बघून परतताना डोकावल्या होत्या. घोडीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती हौदाकडे निघाली, लंगडत.

"अहो, ही तर चांगली लंगडून राहिली!" डॉक्टर फाटकातूनच ओरडल्या.

त्यांनी खुराच्या मागच्या बाजूला भूल दिली आणि लंगडणं थांबलं. मग गाडीतल्या यंत्रावर एक्स-रे काढला. खुराच्या आतलं एक छोटं हाड झिजलं होतं. दुखणं जुनं, शर्यतीच्या दिवसांपासूनचं. पुरतं बरं होणार नाही. औषध, वेगळी नाल आणि आराम. पाठीवर यापुढे कोणीही बसायचं नाही. अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

"मग माझ्यासमोरच कशी नीट चालायची? मी यायच्या आधी तुम्ही करता काय हिचं?"

मी सांगितलं. आंघोळ, खरारा, वेण्या, कठड्याला माणसं. त्या हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

"शर्यतीच्या दिवशी हेच सगळं करतात," त्या म्हणाल्या. "न्हाऊमाखू घालतात, सजवतात, कठड्यापलीकडच्या लोकांसमोर फिरवतात. तिला वाटत असेल, आज धावायचंय."

मला रडूच फुटलं. ज्या पायासाठी एवढा खटाटोप चालला होता, तोच पाय ती बिचारी आमच्यासाठी सरळ टाकत होती.

आता तिच्यावर कोणी बसत नाही. तिच्या चाऱ्याचं आम्ही बघू म्हटलं, तर अण्णा फिस्कारले, "खाऊ दे की अक्का. माणसं काय फुकट खात नाहीत?" नवऱ्याने फळा पुसून घरी आणला. वेण्या कायमच्या बंद झाल्या.

पण कठड्याशी उभं राहून कोणी तिच्याकडे बघितलं, की ती अजूनही मान ताठ करते आणि चाल सरळ करते. समजावायचं कसं तिला? म्हणून मी तिथे गेले की तिच्याकडे पाठ करून उभी राहते आणि उगाच मोबाईल बघते. थोड्या वेळाने पाठीमागे मातीत तिची पावलं वाजायला लागतात, तीन जोरात आणि एक हळू. मग मला बरं वाटतं.