माप घ्यायला हो, कापायला नाही

अगं टेपवाले, पत्र हातात पडलं की तू आधी विचारणार, "काकू, किती पानं? माझं मशीन थांबलंय." दोनच आहेत. तू इथून गेलीस, पण शाळेतले ते लोक अजून त्याच खुर्च्यांवर बसलेत, म्हणून लिहिते. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही वाचता यावं म्हणून तुझ्याबद्दल "ती" असं लिहिणार आहे. रागावू नकोस.

गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून ती टेपवाली. जिन्याखालच्या खोलीत एक मशीन, एक इस्त्री आणि एक कापायचं टेबल. तिथे तिचा एक नियम चालायचा. माप घ्यायचं, कापडावर खडूने रेघा मारायच्या, गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायच्या, आणि ते हो म्हणाल्यावरच कात्री. लोक वैतागायचे. "तुझ्यावर विश्वास आहे गं," म्हणायचे.

"विश्वास ठेवा, पण एकदा येऊन बघा. कापलेलं मी जोडून देईन, पहिल्यासारखं करून देता येत नाही."

तिची लेक तिसरीत. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण वाचायला बसली की अक्षरं तिच्यापुढे जागेवर थांबत नसत. शाळेने तपासणीचा कागद दिला. टेपवालीने नीट वाचून सही केली. पोरीचं कुठे अडतंय ते कळलं तर बरंच, एवढाच विचार.

पुढे त्याच शाळेने सभागृहाच्या नव्या पडद्यांचं काम तिला दिलं. ती माप घ्यायला गेली, तर व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या बाकांच्या खोलीशेजारच्या दारातून तिला आपली लेक दिसली. चार लहान मुलांबरोबर मणी ओवत बसलेली.

"तू इथे काय करतेस?"

"मी आता इथेच असते. तूच हो म्हणालीस ना? बाईंनी सांगितलं."

तीन आठवडे पोरगी घरी गप्प होती, आणि आई समजत होती, दाढ दुखत असेल.

टेप तशीच लोंबत ठेवून ती मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. त्यांनी फाईल उघडून सही दाखवली.

"तुमचीच ना?"

"माझीच. पण हा तपासणीचा कागद आहे."

"वेगळ्या वर्गात बसवणं, पुढचं सगळं त्यातच येतं. सगळ्याच पालकांचं आम्ही असं करतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

"कळवलंच नाही तर तक्रार कोण करणार?"

"हे बघा ताई, मुलीच्या भल्याचंच आहे. तुम्हाला यातलं कळायचं नाही."

"मला कापडातलं कळतं. तुम्ही मला पडद्याचं माप घ्यायला हो म्हणालात. आता तुमचे जुने पडदे फाडून मी उशांचे अभ्रे शिवले तर? तुमच्या भल्याचेच."

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला आणि घाईने खोकला.

"भलतीकडे नेऊ नका."

"नाही नेत. मी माप घ्यायला हो म्हटलं होतं. कापायला नाही."

तिथेच कागद मागून तिने लिहिलं: माझी संमती फक्त तपासणीला होती, वर्ग बदलायला नाही. उद्यापासून मुलगी जुन्या वर्गात बसेल. आणखी काही करायचं असेल तर आधी मला दाखवा, मग विचारा.

"समिती बसल्यावर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"समिती बसू दे सावकाश. पोरगी तिच्या बाकावर बसेल."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत ती टेबलासमोरून हलली नाही.

माझा संताप होतो तो एवढ्यासाठी, की विचारलं असतं तर ती कदाचित रोज एखादा तास त्या खोलीसाठी हो म्हणालीही असती. शाळेत कुणाला विचारायचं सुचलंच नाही. आई म्हणजे काय, फाईलीत लावायचा अंगठा? आणि वर पोरीला सांगायचं, तुझ्या आईनेच पाठवलंय. याला मी चूक म्हणणार नाही. ही लबाडी आहे.

चौथ्या दिवशी लेक आपल्या बाकावर परतली. पण तपासणीचा अहवाल शाळेने आईला दाखवला नाही. कार्यालयीन कागद आहे म्हणे. शिक्षण कार्यालयात अर्ज केला तर प्रत मिळते, असं त्या कारकुनानेच हळूच सांगितलं.

"काकू, तुम्ही चला बरोबर," तू म्हणालीस. "त्यातली भाषा तुम्हाला कळेल."

मी म्हटलं, मंगळवारी जाऊ. त्या मंगळवारी माझा गुडघा धरला, पुढच्या मंगळवारी तुझं शिवण अडलं, आणि त्यानंतर तू सामान बांधून बहिणीच्या गावी गेलीस. तुझ्या लेकीबद्दल त्या लोकांनी काय लिहून ठेवलंय, ते तू अजून वाचलेलं नाहीस. आपलं जायचं राहूनच गेलं.