वन्संनी जोडलेला अँप्लिफायर

इरा, नील, तुमची आत्याआजी गेल्याचं मला फोनवर कळलं. गाडी उर्से टोलनाक्याच्या रांगेत उभी होती. मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन पुण्याच्या हॉस्पिटलात निघाले होते आणि मांडीवरचा डबा अजून गरम होता. त्या न्यूमोनियानं गेल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण भेटायला येणारा प्रत्येकजण आधी खिडकीजवळच्या टेबलावरच्या त्या यंत्राकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "शॉक लागला का हो?" त्यांचं तरी काय चुकलं? वर्षभर मलाही तेच भय होतं. या जातील तर त्या टेबलापाशीच जातील, आणि मी बघत उभी असेन...

त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणे आणि त्या मला नलू. त्यांनी लग्न केलं नाही. तरुणपणी त्या रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करत. बायका लांब टेबलाला ओळीनं बसत. रेडिओ समोर आला की वन्सं आपल्या वाट्याचे जोड देत आणि तो पुढच्या बाईकडे सरकवत. "नोकरीभर रेडिओ केले गं, पण आपण केलेला एकही वाजताना ऐकला नाही," असं त्या हसत सांगत. तुमचे आजोबा गेल्यावर लोणावळ्याच्या घरात आम्ही दोघीच उरलो. मग एक दिवस कुरिअरनं जड खोकं आलं. मला वाटलं, मिक्सर मागवला असेल. आत काचेचे व्हॉल्व्ह, लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि पिशव्या भरून सुटे भाग निघाले. घरी बसून जोडायचा अँप्लिफायर होता तो, रेकॉर्डचा बारीक आवाज मोठा करणारा, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा.

वन्संनी समजावून सांगितलं आणि तिथूनच माझी भीती सुरू झाली. घरातल्या विजेपेक्षा जास्त दाबाची वीज यात तयार होते, आणि बटण बंद करून वायर काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये ती साठून राहू शकते. कंडेन्सर रिकामा केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या आणि त्यांच्या उजव्या हातातली बशी कपाखाली वाजत होती. दोन-तीन वर्षांपासून त्यांचा तो हात कापत असे. कोपर टेबलावर घट्ट टेकलं की कंप थांबायचा. कधी कधी थांबायचाही नाही. तेव्हा त्या सोल्डरिंगची तापलेली कांडी स्टँडवर ठेवून थांबत, आणि मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून कान देई. सगळं शांत झालं की जास्त भीती वाटे. तुमच्या बाबानं फोनवर सांगून पाहिलं, "आत्या, पुरे आता. तयार मिळतो, मी पाठवतो." वन्सं म्हणाल्या, "तयार तर मी लोकांना करून दिले रे. हा माझा आहे."

आपल्याकडे कामाला येणाऱ्या मंदानं तर त्या खोलीत केर काढायचंच सोडलं. "मी न्हाई जायची तितं. लय भ्या वाटतंय."

"अगं, तुझ्या नवऱ्यापेक्षा गरीब आहे तो. बटण बंद केलं की गप्प," वन्सं म्हणाल्या.

"गप म्हनं! बंद केल्यावर पन चावतो, आसं तुमीच म्हनला न्हवं का?"

पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला, तेव्हा वन्संनी मला बांगड्या काढायला लावल्या आणि हातात लाटणं दिलं. "मी चिकटले तर मला हात लावू नकोस. आधी भिंतीवरचं बटण बंद कर. नाहीच जमलं तर या कोरड्या लाकडानं माझा हात झटक."

"आणि मग?"

"मग पोळ्या कर."

मला हसू आलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मग व्हॉल्व्हच्या आत तांबूस उजेड दिसू लागला आणि मला जळका वास आला. मी भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. "नलू! नवं वार्निश तापल्यावर वास येणारच," वन्सं ओरडल्या. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे रोखून बघत बटण दाबलं. आधी बारीक गुणगुण आली, मग रेकॉर्डवरचा तंबोरा, आणि मग गाणाऱ्या बाईंचा आवाज असा आला की मी वळून दाराकडे पाहिलं. वन्सं खुर्चीत बसून राहिल्या. "वाजतंय गं," एवढंच म्हणाल्या. लाटणं मी रेकॉर्ड संपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत त्यांना बोलताना धाप लागत होती. तरी त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "त्याचं झाकण मी पक्कं बसवलंय. ते उघडायचं नाही. पण नुसता बंदही ठेवू नकोस. आपल्याकडची हवा ओली, बिघडेल तो. आठवड्यातून एकदा लाव."

"मला भीती वाटते, वन्सं."

"माहीत आहे. तरी लाव."

तुमचा बाबा म्हणतो, कुणाला तरी देऊन टाक, तू एकटी असतेस. तो काळजीनंच म्हणतो. पण दुसऱ्याच्या घरी तो नुसता अँप्लिफायर होईल. म्हणून दर गुरुवारी दुपारी, मंदा घरात असताना, मी तो लावते. बटणावर बोट ठेवण्याआधी मी अजून बांगड्या काढते. उजेड यायला वेळ लागतो, तेवढ्यात मनात नाही नाही ते येतं... चालला नाही तर, ओल धरली असेल तर, हा बिघडला तर दुरुस्त करायला घरात कोण आहे? मग तंबोरा येतो. मंदा आता उंबऱ्याशी येऊन बसते, आत येत नाही.

रेकॉर्ड संपली की मी बटण बंद करते. व्हॉल्व्हमधला उजेड लगेच जात नाही. तांबडा होतो, मग काळपट, मग तारेचं एक टोक तेवढं उरतं. मंदा म्हणते, "चला की वयनी, च्या निवतोय." मी तिला थांब म्हणते. तो पुरता जाईपर्यंत मी खोली सोडत नाही.